वाचकांचे प्रश्न : म्युनिकला निघालेल्या मुलांची शाळा

प्रश्न : स. न. वि. वि. माझ्या यजमानांना म्युनिक येथे कायमस्वरूपी नोकरी मिळाली असून येत्या ऑगस्टमध्ये आम्ही पिंपरी-चिंचवडहून तिकडे कायमचे राहायला जात आहोत. आमचा मुलगा बारा वर्षांचा आहे आणि सातवीत आहे. मुलगी नऊ वर्षांची असून चौथीत आहे. दोघेही इंग्रजी माध्यमात शिकतात, घरी आम्ही मराठीच बोलतो, आणि जर्मन भाषेचा गंध चौघांपैकी कोणालाही नाही. शाळेचे शुल्क कंपनी देणार नाही. तिकडे राहणाऱ्या एका नातेवाइकांनी सांगितले की, काहीही करून मुलांना गिम्नाझियम या विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेतच घाला. मिटेलशूल या नववी-दहावीला संपणाऱ्या शाळेत गेलेले मूल कायमचे मागे पडते. हे ऐकल्यापासून आमची झोप उडाली आहे. इंटरनॅशनल स्कूलसाठी कर्ज काढावे का? मुलाचे एक वर्ष वाया तर जाणार नाही ना?
— एक आई, पिंपरी-चिंचवड

उत्तर : तुमच्या पत्रातील शेवटचा प्रश्न मी सर्वांत आधी घेते, कारण बाकीच्या सगळ्या चिंता त्याच्यातूनच उगवलेल्या आहेत. मुलाचे एक वर्ष मागे जाण्याची शक्यता आहे, आणि तसे झाले तर ते होऊ द्यावे. आपल्याकडे वर्ष गेले म्हणजे नापास झाल्याचा शिक्का बसतो. जर्मनीत एखादी इयत्ता पुन्हा करणे ही सर्वसाधारण गोष्ट आहे आणि परदेशातून आलेल्या मुलाला एक इयत्ता खाली बसवले तर वर्गात कोणी भुवया उंचावत नाही. ‘वर्ष वाचवायचे’ या एका हट्टापायी पालक चुकीची शाळा निवडतात, असे मी गेली अनेक वर्षे म्युनिकमध्ये पाहत आले आहे, आणि त्या पालकांत एके काळी आम्हीही होतो.

कर्ज काढू नका. इंटरनॅशनल स्कूलचे वार्षिक शुल्क प्रत्येक मुलामागे वीस हजार युरोच्या घरात किंवा त्याहूनही वर जाते. दोन-तीन वर्षांच्या नेमणुकीवर येऊन पुन्हा भारतात परतणाऱ्या कुटुंबाला, तेही कंपनी खर्च उचलत असेल तर, ती शाळा सोयीची आहे. तुम्ही कायमचे येत आहात. सरकारी शाळेत शुल्क नाही, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे मुलांचे मित्र त्यांच्याच गल्लीतले असतील.

आता व्यवस्था थोडक्यात. जर्मनीत शिक्षण हा सोळा राज्यांचा स्वतंत्र विषय आहे, त्यामुळे बर्लिनमध्ये किंवा फ्रँकफर्टमध्ये राहणाऱ्या मैत्रिणीचा सल्ला म्युनिकमध्ये जसाच्या तसा लागू पडत नाही. बर्लिनमध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत असते. म्युनिक ज्या बव्हेरिया राज्यात आहे तिथे ती चौथीलाच संपते आणि दहाव्या वर्षीच मुले तीन वाटांनी विभागली जातात. गिम्नाझियम तेरावीपर्यंत चालते आणि आबिटूर या विद्यापीठ-प्रवेशाच्या परीक्षेकडे नेते. रेआलशूल दहावीला संपते. मिटेलशूल नववीला किंवा दहावीला संपते, आणि तिच्यातही दहावीनंतर रेआलशूलच्या तोडीचे प्रमाणपत्र देणारी एक शाखा असते.

तुमच्या नातेवाइकांचे म्हणणे चुकीचे ठरते ते इथे. ही तीन दारे एकदा बंद झाली की उघडत नाहीत असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात दहावीचे ते प्रमाणपत्र चांगल्या गुणांनी मिळवणारे मूल फाखओबरशूल नावाच्या दोन वर्षांच्या शाळेत जाऊ शकते, तिथून अभियांत्रिकीसारख्या शाखांच्या हॉखशूल या उच्च शिक्षणसंस्थेत प्रवेश घेऊ शकते, आणि आणखी एक वर्ष करून विद्यापीठाचे दारही उघडू शकते. वाट लांबची आहे हे खरे. पण जर्मन न येणाऱ्या बारा वर्षांच्या मुलासाठी जवळची वाट कोणती, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

आमचा मुलगा अकरा वर्षांचा असताना आम्ही इकडे आलो. त्याचे प्रगतिपुस्तक उत्तम होते, म्हणून घरापासून जरा लांबच्या एका नावाजलेल्या गिम्नाझियमने त्याला पाहुणा विद्यार्थी म्हणून घेतले. जर्मन शिकवण्याची शाळेत काय सोय आहे, असे विचारल्यावर ‘घरी शिकवणी लावा’ एवढेच उत्तर मिळाले. ते ऐकूनही आम्ही नावाला भुललो. पहिल्या गणिताच्या चाचणीत त्याने साडेतीन हा आकडा आपल्या सवयीने ३ आणि ५ यांच्यामध्ये टिंब देऊन लिहिला. जर्मनीत दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात आणि टिंब ही गुणाकाराची खूण असते, त्यामुळे शिक्षिकेने ते तीन गुणिले पाच असे वाचले. त्याचा सात आडव्या दांडीवाचून होता, तो तिला १ या आकड्यासारखा दिसला. भागाकारासाठी इथे दोन टिंबे एकावर एक देतात, हेही त्याला ठाऊक नव्हते. वही लाल शाईने भरून आली तेव्हा त्याने ती दप्तराच्या तळाशी, डब्याच्या खाली दाबून ठेवली होती. ती मला पंधरा दिवसांनी सापडली. ज्या विषयाची त्याला कधी भीती नव्हती, त्याच विषयाने त्याला गप्प केले होते.

सहा महिन्यांनी आम्ही त्याला तिथून काढून जवळच्या मिटेलशूलमधील डॉइचक्लासेमध्ये घातले. नव्याने आलेल्या मुलांसाठी असलेल्या या वर्गात दिवसाचा मोठा भाग जर्मन शिकवली जाते, आणि जास्तीत जास्त दोन वर्षांत मूल नेहमीच्या वर्गात जाते. त्या वर्गात सीरियाची, रुमेनियाची, व्हिएतनामची मुले होती आणि कोणालाच जर्मन येत नव्हती, म्हणून चुकीचे बोलायला कोणी लाजत नव्हते. तिथून तो रेआलशूलमध्ये गेला, पुढे फाखओबरशूल केली, आणि आता यंत्र अभियांत्रिकी शिकतो आहे. प्रत्येकाने हीच वाट धरावी असे माझे म्हणणे नाही. परंतु ज्या शाळेचे नाव सांगायला आम्हाला संकोच वाटत होता, त्याच शाळेने त्याला बोलते केले, हे मला लिहिलेच पाहिजे.

म्हणून तुमच्या मुलाच्या बाबतीत शाळेचा दर्जा विचारण्याआधी भाषेची सोय विचारा. गिम्नाझियमचे मुख्याध्यापक त्याला घेण्यास तयार असतील, तर आठवड्याला जर्मनचे किती जादा तास मिळतील, ते शाळेच्या वेळेत असतील की नंतर, आणि प्रवेश पक्का होण्याआधीचा परीक्षाकाळ किती महिन्यांचा असेल, हे नेमके विचारून घ्या. दुसऱ्या परकीय भाषेचाही प्रश्न आहे: गिम्नाझियममध्ये फ्रेंच किंवा लॅटिन साधारणपणे सहावीपासूनच सुरू होते, म्हणजे तुमच्या मुलाला जर्मनसोबत तीही भरून काढावी लागेल, त्यातून काही काळ सूट मिळते का, हे विचारल्याशिवाय होकार देऊ नका. मिटेलशूलमध्ये चौकशी करताना, डॉइचक्लासेमधून गेल्या दोन-तीन वर्षांत किती मुले रेआलशूलमध्ये किंवा गिम्नाझियममध्ये गेली, हे विचारा. ज्या शाळेला हे उत्तर तोंडपाठ असते, ती शाळा मुलांना पुढे ढकलणारी असते. इंग्रजी आणि गणित ही तुमच्या मुलाची जमेची बाजू आहे, आणि चांगल्या शिक्षकाच्या ती पहिल्या महिन्यातच लक्षात येते.

मुलीच्या बाबतीत मला अधिक घाई वाटते, कारण तिचे वय अगदी वळणावर आहे. बव्हेरियात चौथीच्या मुलांना मे महिन्याच्या सुरुवातीला एक विशेष गुणपत्रिका मिळते. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांच्या श्रेणींची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझियम, २.६६ पर्यंत असेल तर रेआलशूल, असा हिशेब आहे. इथे १ ही सर्वोत्तम आणि ६ ही सर्वांत वाईट श्रेणी असते, हे आजीआजोबांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्या फोनवरच गोंधळ होतो. सप्टेंबरच्या मध्याला शाळा सुरू होते. तिला थेट चौथीत बसवले तर जेमतेम आठ महिन्यांच्या जर्मनवर तिची वाट ठरेल. तिला तिसरीत बसवावे अशी विनंती तुम्ही मुख्याध्यापिकांना आग्रहाने करा. नऊ वर्षांची मुले तिसरीतही असतात, त्यामुळे ती वेगळी दिसणार नाही, आणि तिला दोन वर्षे मिळतील. दुसरे असे की, जे मूल पहिलीपासून जर्मन प्राथमिक शाळेत नव्हते आणि ज्याची मातृभाषा जर्मन नाही, त्याची सरासरी ३.३३ पर्यंत घसरली तरी, ती घसरण भाषेच्या भरून निघणाऱ्या कमतरतेमुळे आहे असे शाळेला वाटल्यास गिम्नाझियमसाठी शिफारस मिळू शकते. ही सवलत पुष्कळ पालकांना माहीत नसते. चौथीच्या सुरुवातीलाच वर्गशिक्षिकेशी या सवलतीचा विषय काढा.

प्राथमिक शाळा आणि मिटेलशूल घराच्या पत्त्यावरून ठरतात. रेआलशूल आणि गिम्नाझियम तुम्ही निवडू शकता. म्युनिकमध्ये भाड्याचे घर मिळणे इतके अवघड आहे की शाळा पाहून घर निवडण्याची चैन परवडत नाही. पण दोन घरांत निवड करायची वेळ आलीच, तर सही करण्याआधी त्या त्या पत्त्याची शाळा कोणती आणि तिथे डॉइचक्लासे आहे का, एवढे फोन करून विचारा. शहराच्या शिक्षण विभागात नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी मोफत सल्ला मिळतो, तिथे वेळ घेऊन दोन्ही मुलांना बरोबर न्या.

येण्यापूर्वी करायच्या गोष्टी थोड्या आहेत. दोघांची मागील दोन वर्षांची प्रगतिपुस्तके शाळेच्या शिक्क्यानिशी घ्या आणि त्यांचे जर्मन भाषांतर अधिकृत भाषांतरकाराकडून करून घ्या. मार्च २०२० पासून जर्मनीत शाळेत जाणाऱ्या मुलाला गोवरच्या दोन लसींचा पुरावा द्यावा लागतो. तुमच्याकडील लसीकरण कार्डावर दोन्ही नोंदी तारखेसह स्पष्ट आहेत का पाहा, आणि नसतील तर बालरोगतज्ज्ञांकडून लेखी घ्या. पुण्यात जर्मन शिकवणारे मॅक्स म्युलर भवन आहे. आजच दोघांची नावे घाला. निदान पहिली पातळी पूर्ण होऊन मुले विमानात बसली, तर पहिला महिना सुसह्य होतो. आकडे मात्र तुम्ही घरीच शिकवू शकता. जर्मनमध्ये पंचवीस हा आकडा ‘पाच आणि वीस’ असाच म्हणतात, आधी एकक आणि मग दशक, अगदी आपल्या पंचविसासारखा. इंग्रजी माध्यमातील मुले ‘ट्वेंटी फाइव्ह’च्या सवयीने इथे अडखळतात, मराठी पाढे पाठ असलेले मूल अडखळत नाही.

आणखी एक गोष्ट, जी कोणत्याही माहितीपत्रकात सापडत नाही. इथे तोंडी सहभागाला गुण असतात. विचारल्याशिवाय बोलू नये, अशा वळणात वाढलेले आपले मूल लेखी परीक्षेत पहिले येऊनही तोंडी श्रेणीत खाली जाते, आणि शिक्षकांना वाटते की त्याला रस नाही. मुलांना सांगा की तर्जनी वर करून रोज एकदा तरी बोलायचे, चुकले तरी चालेल. आणि घरी मराठीच बोला. तुमची मोडकी जर्मन त्यांच्या कामाची नाही. जर्मन त्यांना शाळा देईल.

प्रश्न : माझी मुलगी यंदा दहावीला आहे. माझी बदली दीड वर्षापूर्वी म्युनिकला झाली, कुटुंब कोल्हापुरातच आहे. दहावीचा निकाल लागताच तिला आणि तिच्या आईला इकडे आणावे असे मनात आहे. तिला कोणत्या शाळेत घालावे?
— एक वडील, सध्या म्युनिक

उत्तर : तुमच्या मुलीला मी लगेच आणण्याचा सल्ला देणार नाही, आणि हे लिहिताना दीड वर्ष लेकीपासून दूर राहिलेल्या बापाला ते किती कठीण वाटेल याची मला जाणीव आहे. सोळाव्या वर्षी जर्मन न येता गिम्नाझियमच्या अकरावीत टिकणे जवळजवळ अशक्य असते. मिटेलशूलचे वय उलटून गेलेले असते, आणि मग व्यवसाय शाळेतील भाषेचा वर्ग उरतो. तो वाईट नसतो, पण डॉक्टर किंवा वास्तुविशारद व्हायची स्वप्ने पाहणाऱ्या मुलीला तिथे पहिले वर्ष फार जड जाते. इंटरनॅशनल स्कूलची दोन वर्षे तुम्हाला परवडत असतील तर आंतरराष्ट्रीय बारावीचा तो एक मार्ग आहे. मात्र त्या परीक्षेला जर्मन विद्यापीठाची मान्यता विषयांच्या ठरावीक जुळणीलाच मिळते, म्हणून विषय निवडण्याआधी ती यादी शाळेकडून लेखी घ्या.

ती कोल्हापुरात बारावी करणार असेल, तर हेही लक्षात घ्या की भारतीय बारावीवर इथे सर्वसाधारणपणे थेट प्रवेश मिळत नाही. भारतात पदवीचे एक वर्ष यशस्वीपणे पूर्ण करावे लागते, किंवा इथे येऊन स्टुडिएनकॉलेग या पूर्वतयारीच्या वर्षाची परीक्षा द्यावी लागते. दोन्ही वाटांसाठी सहसा जर्मन लागतेच, त्यामुळे अकरावीच्या पहिल्या दिवसापासून शास्त्र शाखेच्या जोडीने तिचा जर्मनचा वर्ग सुरू व्हायला हवा. कुटुंब म्हणून व्हिसा मिळवण्यासाठी मात्र अठरा वर्षे पूर्ण होण्याआधीच अर्ज करावा लागतो. ती बारावीत असतानाच अठराची होत असेल, तर तिच्या वाढदिवसाची तारीख समोर ठेवून वकिलातीतील अर्जाचा हिशेब आत्ताच मांडा. आणि येत्या सुट्टीत तिला महिनाभर इकडे बोलावून घ्या, तिच्याच वयाच्या मुली ज्या शाळांत शिकतात तिथे बरोबर जाऊन या, आणि मग तिला काय वाटते ते तिलाच विचारा.