कोल्हापूरच्या मुलीनं प्रवाळांवर संशोधन करावं का?

तुमचा प्रश्न असा: मुलगी प्राणिशास्त्रात बी.एस्सी. करतेय, तिला पुढं प्रवाळांवर संशोधन करायचंय. पण कोल्हापूरला समुद्र नाही, आणि पाण्यात बुडी मारून फोटो काढण्यात संशोधन ते काय? मी कोल्हापूरचीच, पंचगंगेच्या घाटावर पोहायला शिकलेली, आणि हेच काम करते. म्हणून सविस्तर लिहिते.

पोवळं म्हटलं की आपल्याला गुजरीतल्या सराफाकडची अंगठी आठवते. ते लाल पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रातलं. मी अभ्यासते ती प्रवाळं वेगळी, समुद्रात खडक उभारणारी. दिसायला दगड, पण ती प्राण्यांची वसाहत असते. एकेक जीव बहुधा काही मिलिमीटरचा, तोंडाभोवती इवल्या शुंडा आणि बुडाशी स्वतः बांधलेलं चुन्याचं घर. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं प्रवाळाला देतं. रंगही बहुतांशी त्याचाच. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादा अंश जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की हे शैवाल बाहेर पडतं आणि आतला पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच ब्लीचिंग म्हणतात.

आता फोटोंचं. आम्ही तळावर पन्नास मीटरची टेप पसरतो. दर अर्ध्या मीटरवर टेपखाली काय आहे ते प्लास्टिकच्या पाटीवर पेन्सिलीनं लिहायचं: जिवंत प्रवाळ, मेलेलं प्रवाळ, शेवाळ, वाळू. लाटेनं अंग ढकललं जातं, हवा संपत येते, तरी एकही नोंद गाळायची नाही. फोटो काढतो ते खोलीवर आल्यावर पुन्हा तपासायला. मग पुढच्या वर्षी त्याच जागी, तीच टेप. खरं संशोधन या परत जाण्यात आहे. एकदा एका गोल प्रवाळाचा माथा पांढरा पडलेला दिसला, पण कडेला, सावलीच्या बाजूला, तो तपकिरीच होता. ऊन थेट लागतं तिथं मार जास्त बसतो. पांढरं पडलं म्हणजे मेलं असं नव्हे. पाणी वेळेत निवलं तर शैवाल परततं. तो गोळा जगला की नाही, हे एका बुडीत कसं कळणार?

लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ साली मोठं ब्लीचिंग झालं. दोन तडाख्यांमध्ये सावरायला किती वर्षं मिळाली, शेवाळ खरवडून खाणारे पोपटमासे किती उरले, यावर पुढचं बरंच ठरतं. रंकाळ्यात जलपर्णी माजली की खालचं पाणी कसं गुदमरतं ते आपण बघितलंय. मासे कमी झाले की मेलेल्या प्रवाळावर शेवाळ असंच माजतं आणि प्रवाळाच्या नव्या पिलांना चिकटायला जागा उरत नाही.

समुद्र लांब असल्याची चिंता सोडा. मालवणला एसटी जाते, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळं आहेत. तिथलं सागरी अभयारण्य १९८७ सालचं. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक आहे, म्हणजे पाण्याखालचा प्रवाळांचा उंचवटा, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा. गोव्याला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. मात्र एम.एस्सी.ला संख्याशास्त्र नीट करू द्या; त्यावाचून पाटीवरच्या नोंदी नुसते आकडेच राहतात.

काळजी करायचीच तर दोन गोष्टींची करा. पाण्यात एकटीनं कधीच उतरायचं नाही, कायम जोडीनं. आणि आवडलं म्हणून प्रवाळाचा तुकडा घरी आणायचा नाही: खडक उभारणारी प्रवाळं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, नमुना घ्यायलाही परवानगी लागते.

येत्या हिवाळ्यात, पाणी निवळलं की, तिला घेऊन मालवणला जाऊन या. स्नॉर्केलिंगला उतरलात तर दम लागला म्हणून खडकावर उभे राहू नका, तरंगत राहा. पायाखाली आलेला तो दगड बऱ्याचदा जिवंत असतो, आणि गोल जातीची प्रवाळं वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात.