दोन ट्रॅकमधला खंड

प्रश्न : मी लिनक्सवर जीस्ट्रीमर या ध्वनी-चित्रफिती वाजवणाऱ्या लायब्ररीच्या आधाराने चालणारा एक लहान मुक्तस्रोत म्युझिक प्लेअर वापरतो. ख्यालगायनाच्या सीडीवरून केलेल्या एमपीथ्री फाइली लावल्या, की विलंबित संपून द्रुत सुरू होताना तंबोरा क्षणभर तुटतो. मला सी प्लस प्लस बऱ्यापैकी येते. गॅपलेसची, म्हणजे ट्रॅक खंड न पडता सलग वाजवण्याची, सोय मी या प्लेअरमध्ये घालू शकेन का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : घालू शकाल, मात्र कोडला हात लावण्यापूर्वी तेच दोन ट्रॅक सीडीवरून फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातले काहीही न गाळणाऱ्या फाइलींत, रिप करून (उतरवून) ऐका. तिथेही तंबोरा तुटत असेल, तर एक फाइल पुरती संपल्यावरच प्लेअर दुसरी उघडतो, असे समजावे. फ्लॅक सलग वाजत असेल, तर अडचण एमपीथ्रीच्या घडणीत आहे. एमपीथ्रीची एक फ्रेम (फाइलीचा ठरावीक तुकडा) १,१५२ नमुन्यांची (आवाजाच्या मोजमापांची), म्हणजे सीडीच्या दर सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या हिशेबाने सुमारे २६ मिलिसेकंदांची असते. ट्रॅक नेमका फ्रेमच्या कडेला क्वचितच संपतो, त्यामुळे उरलेली जागा शांततेने भरली जाते आणि एन्कोडर (एमपीथ्री तयार करणारा प्रोग्राम) सुरुवातीलाही थोडी शांतता जोडतो. लेम हा एन्कोडर या दोन्हींची नोंद फाइलीच्या पहिल्याच फ्रेममध्ये करून ठेवतो. ती वाचून तेवढे नमुने छाटणे हे डीकोडरचे (फाइल उलगडून आवाज काढणाऱ्या भागाचे) काम आहे.

प्लेअरच्या बाजूने पाहता, चालू ट्रॅक संपत आला की जीस्ट्रीमरचा प्लेबिन हा फाइल वाजवणारा घटक ‘अबाउट-टू-फिनिश’ हा सिग्नल देतो आणि त्याच वेळी पुढच्या फाइलीचा पत्ता त्याच्या हाती द्यायचा असतो. काम चार ओळींचे वाटते आणि नवखे इथेच फसतात. सिग्नल येतो तेव्हा आधीच्या ट्रॅकचा आवाज बफरमध्ये (वाजण्याआधीच्या साठ्यात) शिल्लक असतो, म्हणून पडद्यावरचे नाव लगेच बदलून चालत नाही. शिवाय सिग्नल वेगळ्या थ्रेडवर (प्रोग्रामच्या समांतर चालणाऱ्या धाग्यावर) येत असल्याने तिथून खिडकीतल्या बटणांना हात लावू नये. शेवटच्या दोन-तीन सेकंदांत श्रोत्याने रांगच बदलली तर काय करायचे, हेही आधी ठरवावे लागते. माझ्या मते खरा वेळ याच प्रश्नाला द्यावा आणि त्याचे उत्तर प्लेअरच्या इश्यू ट्रॅकरवरच्या (अडचणी-सूचना नोंदवायच्या पानावरच्या) प्रस्तावात पहिल्यांदा लिहावे.

क्लेमेंटाइन या म्युझिक प्लेअरमधून २०१८ साली फुटून निघालेल्या स्ट्रॉबेरीत ही सोय आहे. तिचा कोड अभ्यासासाठी जरूर वाचा. पण तो जीपीएल ३ या कडक अटींच्या परवान्याखाली आहे, तेव्हा तुमच्या प्लेअरचा परवाना एमआयटीसारखा सैल असेल, तर त्यातल्या ओळी उचलून आणू नका.

‘क्रॉसफेड (एक ट्रॅक विरत असताना दुसरा चढवत नेणे) आहेच की’ असे कोणी म्हणेलही. सुट्या गाण्यांना तो शोभतो, परंतु सलग मैफलीत दोन ट्रॅकची टोके एकमेकांवर चढतात आणि तबल्याचा ठेका दुहेरी ऐकू येतो. यावर वाद घालण्यापेक्षा फरक ऐकवण्यासाठी स्वतः तयार केलेला एक लांब सूर मधोमध कापून त्याच्या दोन फ्लॅक फाइली पॅचसोबत (कोडमधल्या तुमच्या बदलासोबत) जोडा. सीडीतला तुकडा पाठवल्यास स्वामित्वहक्काचा प्रश्न येईल.