लागेबांधे, साटेलोटे की नुसता संपर्क?

प्रश्न असा आहे: "सद्दाम हुसेनचे अल कायदाशी लागेबांधे असल्याने अमेरिकेने इराकवर हल्ला केला" या वाक्यात 'लागेबांधे' योग्य, की 'संबंध' किंवा 'साटेलोटे' लिहावं?

आधी साटेलोटे घेतो, कारण हा शब्द मला फार आवडतो. हा मूळचा सोयरिकीतला शब्द. आपली मुलगी त्यांच्या घरी द्यायची आणि त्यांची मुलगी आपल्या घरी सून म्हणून आणायची. दोन्हीकडून दिलं-घेतलं गेलं तरच ते साटेलोटे. एकाने स्थळ सुचवलं आणि दुसऱ्याने उत्तरच दिलं नाही, तर ते साटेलोटे होत नाही. लागेबांध्यांना अशी रोख देवघेव लागत नाही, आतून कुठेतरी हितसंबंध गुंतलेले असले की पुरे. संगनमत त्याहून जड. फिर्यादीत "आपसांत संगनमत करून" असं येतं तेव्हा एकत्र बसून बेत रचल्याचा आरोप असतो. संपर्क मात्र वैऱ्याशीही होतो.

इराकच्या वादात सगळा गोंधळ या पायऱ्यांचाच होता. ५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत अल कायदाशी जोडल्या गेलेल्या झरकावी या जॉर्डनच्या दहशतवाद्याचं नाव घेतलं. तो उपचारासाठी बगदादला येऊन गेला, त्याच्या माणसांचा तळ ईशान्य इराकमध्ये आहे, असं सांगितलं. पण तो तळ सद्दामच्या ताब्याबाहेरच्या कुर्दी भागात होता. इराकने अल कायदाला रासायनिक अस्त्रांचं प्रशिक्षण दिल्याचा मुद्दा एका कैद्याच्या जबाबावर उभा होता. छळामुळे आपण तसं बोललो, असं सांगून त्याने तो जबाब पुढे फिरवला.

२००४ मध्ये ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाने काय म्हटलं ते नीट वाचा. नव्वदच्या दशकात इराक आणि अल कायदा यांच्यात भेटीगाठी झाल्या, पण त्यांतून मिळून कारवाया करण्यापर्यंत काही गेल्याचा पुरावा नाही. त्याच सुमारास अध्यक्ष बुश मात्र इराक आणि अल कायदा यांचे संबंध होतेच, असं ठासून सांगत होते. मराठीत 'संबंध' लिहिलं की ही दोन्ही विधानं एकाच शब्दात मावतात आणि वाचकाला फरकच दिसत नाही. म्हणून इथे मी 'संबंध' टाळतो. तो शब्द चुकीचा नाही, पण फार सैल आहे.

मात्र तुमच्या वाक्यातली खरी अडचण मला 'लागेबांधे'पेक्षा 'असल्याने' या शब्दात दिसते. 'असल्याने' म्हटलं की ते कारण लिहिणाऱ्याने स्वतः खरं मानलं असा अर्थ होतो. नाम कितीही मोजून निवडलं तरी हे क्रियारूप परस्पर निकाल देऊन टाकतं. वर्तमानपत्री भाषेत हे रोज होतं आणि मला ते मनापासून खटकतं. 'असल्याचा आरोप करून' एवढा बदल केला की आरोप ज्याचा त्याच्याकडे राहतो.

तेव्हा असं लिहा: "सद्दाम हुसेनचे अल कायदाशी लागेबांधे असल्याचाही आरोप करून अमेरिकेने मार्च २००३ मध्ये इराकवर हल्ला केला." त्यातला 'ही' गाळू नका, कारण सर्वसंहारक अस्त्रांचा आरोप त्याच्या जोडीला होता. आणि आयोगाबद्दल लिहाल तेव्हा "संपर्क आढळला, संगनमत आढळलं नाही" एवढं पुरेल.