आधी ‘तलुपिद’चा अर्थ बघा, मग स्टेचं बोला

प्रश्न : आमचं घर बेळगाव जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेच्या हद्दीत आहे. उतारा अजून आजोबांच्या नावावर आहे. ते १९९८ साली वारले. घरफाळा दहाएक वर्षं भरलेला नाही. २ तारखेची कन्नड नोटीस आली, १५ दिवसांत ६८,४०० रुपये भरा म्हणून. १८ तारखेला बेलिफ आणखी दोघांना घेऊन आला. गिरणीची मोटर आणि वहिनीचं शिलाई मशीन उचलतो म्हणाला. गल्लीतली पोरं जमली तेव्हा परत गेला. नोटीस मेलेल्या माणसाच्या नावाने आणि आम्हाला न कळणाऱ्या भाषेत, म्हणजे ती बेकायदाच ना? मुदत तर १७ तारखेलाच संपली. आता कोर्टातून स्टे आणावा काय?

उत्तर : तुम्ही १९ तारखेला लिहिलंत आणि मी त्याच संध्याकाळी फोन केला. तेव्हा घाईत सांगितलं ते इथं सविस्तर लिहितो. कारण गावाचं नाव आणि आकडा बदलला की तुमचंच पत्र मला निपाणीकडून येतं, खानापूरकडून येतं, संकेश्वरकडूनही येतं. प्रत्येकाला वाटतं, आपली अडचण भाषेची आहे किंवा आजोबांच्या नावाची आहे. तसं नाही. अडचण तारखेची आहे.

तुम्ही नोटिशीचा फोटो पाठवलात हे एक बरं केलंत. तिसऱ्या परिच्छेदात ओळ आहे : ‘ई नोटीसु तलुपिद हदिनैदु दिनगळोळगागि’. तलुपिद म्हणजे पोचलेली. नोटीस पोचल्यापासून पंधरा दिवसांच्या आत. छापल्यापासून नव्हे, सही झाल्यापासून नव्हे, पोचल्यापासून. नोटिशीवर वर २ तारीख आहे, ती कचेरीतून निघाल्याची. खाली पोचेवर तुमच्या वहिनींची सही आहे आणि सहीखाली त्यांनी स्वतःच्या हाताने तारीख घातली आहे, मराठी आकड्यात : ९. मोजताना पोचल्याचा दिवस सोडायचा असतो. म्हणजे मुदत २४ तारखेपर्यंत आहे. तुम्ही २ पासून मोजलंत आणि १७ ला हात टेकून बसलात. गंमत अशी की दारात आलेल्या माणसानेही तसंच मोजलं, म्हणून तो १८ ला हजर. तो आला तो नववा दिवस होता. नवव्या दिवशी घरातली चमचा-वाटी उचलायचाही त्याला अधिकार नव्हता.

घरात कन्नड वाचणारं कुणी नाही असं लिहिता. तुमचा मुलगा सातवीत आहे, हेही त्याच पत्रात लिहिलंय. कर्नाटकातल्या शाळेत सातवीला असलेल्या पोराला ‘तलुपिद’ कळतं. नोटीस नऊ दिवस दिवाणखान्यातल्या कपाटावर पडून होती. त्याच्या हातात एकदा दिली असती तर १८ तारखेचा तमाशा झालाच नसता. बाकी आणि जप्ती हे दोन शब्द तर दोन्ही भाषांत एकच आहेत.

आता भाषेचा मुद्दा, कारण तो काढल्याशिवाय आपल्याकडे कुणाला चैन पडत नाही. मराठीत कागद मिळावेत ही मागणी रास्त आहे, आणि जिथं भाषिक अल्पसंख्याकांची वस्ती १५ टक्क्यांच्या वर आहे तिथं त्यांच्या भाषेत सूचना द्याव्यात असं ठरलेलंही आहे. पण ती सरकारने मान्य केलेली हमी आहे, घरफाळ्याच्या कायद्यातलं कलम नाही. नोटीस कन्नडमध्ये होती एवढ्या कारणावर जप्ती रद्द झाली, असं मला माझ्या वकिलीत दिसलेलं नाही. भाषेचा जो अधिकार तुमच्या कामाचा आहे तो वेगळाच आहे. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे तुम्ही गाऱ्हाणं मराठीत लिहून देऊ शकता आणि ते मराठीत आहे म्हणून नाकारता येत नाही. अर्ज मराठीत द्याच, पण मागे कन्नड भाषांतर टाचून द्या. अधिकार आपल्या जागी. मुख्याधिकाऱ्यांनी तो अर्ज २४ च्या आत वाचायला हवा, ही गरज आपल्या जागी. काही जण याहून पुढे जातात : सीमाप्रश्न सर्वोच्च न्यायालयात आहे, मग फाळा कशाला भरायचा? महाराष्ट्राने तो दावा २००४ साली दाखल केला. तेव्हा जन्मलेली पोरं आज मतदान करतात. त्या निकालाची वाट बघत ज्यांनी फाळा थांबवला त्यांच्या बाकीवर दंड मात्र एक महिनाही थांबला नाही.

मेलेल्या माणसाच्या नावाची नोटीस. हा मुद्दा ऐकायला फार कायदेशीर वाटतो. तो घेऊन भांडलात तर काय होईल ते सांगतो. फार झालं तर ही नोटीस मागे घेतील, महिन्याभराने वारसांच्या नावाने नवी काढतील आणि तोवरचा दंड त्यात घालतील. वर विचारतील की १९९८ पासून वारसा नोंद का केली नाही. घर कुणाकडे गेलं हे पालिकेला कळवायची जबाबदारी घर घेणाऱ्यावर असते, पालिकेने स्मशानात जाऊन नोंदी बघायच्या नसतात. तुम्ही राहता त्याच घरात, नळ तुमचा, गिरणी तुमची. ‘आम्ही कोण’ असं विचारू नका.

आता त्या बेलिफाचं. तो बेलिफ नव्हता. बेलिफ कोर्टाचा माणूस. त्याच्या हातात कोर्टाच्या शिक्क्याचं वॉरंट असतं आणि ते अमुक तारखेच्या आत बजावून परत करायचं, असं त्यावर लिहिलेलं असतं. तुमच्या दारात आले ते पालिकेचे बिल कलेक्टर. त्यांना काहीच अधिकार नाही असं मी म्हणत नाही. मागणीची मुदत टळली आणि मुख्याधिकाऱ्यांच्या सहीचं जप्ती वॉरंट हातात असलं तर तेही जंगम माल उचलू शकतात, त्यासाठी कोर्टात जावं लागत नाही. म्हणून पुन्हा कुणी आलं तर आवाज न चढवता एवढंच म्हणा : वॉरंट दाखवा. त्यावर नाव कुणाचं, रक्कम किती, सही कुणाची, तारीख कुठली. मोबाइलने फोटो काढा. वॉरंट नसेल तर दाराच्या आत घ्यायची गरज नाही. असेल तर अडवू नका. मालाची यादी पंचांसमोर करायला लावा आणि यादीची प्रत मागा.

आणि ती पोरं. चाळीस पोरं, घोषणा, व्हिडिओ. तुमच्या धाकट्या भावाने एकाची कॉलर धरली असं तुम्ही फोनवर हळूच सांगितलंत. नशीब त्यांच्याकडे वॉरंट नव्हतं. वॉरंट असताना हेच केलं असतं तर सरकारी कामात अडथळ्याचा फौजदारी गुन्हा झाला असता, आणि ६८,४०० ची बाकी सोडून मला आधी जामिनाचे कागद करावे लागले असते. तो व्हिडिओ स्टेटसवरून काढायला सांगा.

काय उचलता येतं यावर मी बेताने बोलेन. दिवाणी कोर्टाच्या जप्तीत, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० खाली, अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि कारागिराची हत्यारे वगळलेली असतात. कराच्या जप्तीतही साधारण याच धर्तीने चालावं असा आग्रह धरता येतो. वहिनी ब्लाउज शिवून घर चालवतात, तेव्हा मशीन त्यांचं हत्यार आहे. त्याहून मोठी गोष्ट, ते त्यांच्या पैशाने घेतलेलं आहे आणि बाकी त्यांच्या नावावर नाही. मशीनची पावती असेल तर शोधून ठेवा. गिरणीच्या मोटरीबद्दल मात्र मी तुम्हाला आशा लावणार नाही. ती बंद आहे, दहा हॉर्सपॉवरची आहे आणि तुमची आहे. जप्तीला गेलेल्या माणसाला अशीच वस्तू आवडते.

पण त्याच मोटरीत तुमची खरी हरकत आहे, आणि तुमच्या चार पानी पत्रात ती शेवटच्या दोन ओळींत आली. पुढच्या खोलीतली गिरणी २०२० च्या लॉकडाऊनपासून बंद आहे. बिलात ती खोली अजून व्यापारी दराने धरली आहे. कर्नाटकात घरफाळा स्वयंघोषणेवर चालतो. तुम्ही दर साली विवरण भरून सांगायचं की किती जागा, कशासाठी वापरता. तुम्ही एकही वर्ष भरलं नाही, म्हणून त्यांनी जुन्या नोंदीवरून आकारलं. आता सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर आहे. गिरणीच्या मीटरची हेस्कॉमची, म्हणजे वीज कंपनीची, बिलं काढा. जोडणी तोडल्याचा कागद असेल तर सोन्याहून पिवळं. नसेल तर शून्य युनिटची बिलंही चालतील.

आकडा एवढा फुगला कसा, असं विचारलंत. मूळ कर वर्षाला ३,००० च्या आसपास आहे. एप्रिलमध्ये भरला असता तर ५ टक्के सूट होती. मुदतीनंतर महिन्याला २ टक्के दंड लागतो, म्हणजे वर्षाला २४. दहा वर्षांपूर्वीच्या ३,००० वर आज नुसता दंडच ७,२०० होतो. त्यावर आरोग्य, ग्रंथालय आणि भिक्षुक उपकर. (वाचनालयात मराठी पुस्तकं येत नाहीत ही तुमची तक्रार मला मान्य आहे. ग्रंथालय उपकर दहा वर्षं थकवलेल्या माणसाने ती जरा हळू आवाजात करावी.) दंडमाफीची वाट बघू नका. २०२४ मध्ये एकरकमी फेडीची योजना आली होती ती बेंगळूरच्या पालिकेपुरती होती.

तर २४ तारखेच्या आत करायचं ते असं. नोटिशीत लिहिलंय, रक्कम भरा किंवा का भरत नाही त्याचं कारण लेखी दाखवा. दोन्ही थोडं थोडं करा. घराच्या राहत्या भागाचा मूळ कर, जो तुम्हालाही मान्य आहे, तो चलनाने भरा आणि चलनावर ‘हरकत राखून’ असं लिहा. ही रक्कम मुद्दलात जमा धरावी असंही अर्जात लिहा. धरतीलच असं नाही, पण लिहिलेलं असू दे. उरलेल्याबद्दल अर्ज : नोटीस ९ तारखेला पोचली, मुदत २४ पर्यंत, १८ ची कारवाई मुदतीआधीची, गिरणी बंद, व्यापारी दर चूक, वीजबिलं सोबत, जागेची पाहणी करून नव्याने आकारणी व्हावी, तोवर वॉरंट काढू नये. जुन्या वर्षांच्या वसुलीला मुदतीची हरकत एका ओळीत घाला, पण तिच्यावर विसंबू नका. घरफाळ्याचा बोजा घरावर असतो आणि स्थावरावरच्या बोजाची वसुली बारा वर्षं करता येते. अर्ज आवक खिडकीवर द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ‘साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या’ म्हटलं तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा. २४ ला दुपारी चार वाजता धावत जाऊ नका.

स्टे. आणता येतो काय, तर कदाचित. आणायचा काय, तर आज नाही. पालिकेविरुद्ध दावा म्हटलं की आधी नोटीस द्या इथपासून सुरुवात होते. मग तारीख, मग पालिकेच्या वकिलांची मुदत, मग साहेब रजेवर. उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात रिट अर्ज घेऊन गेलात तर पहिला प्रश्न येईल : मुदतीत हरकत घेतली होती का? त्या प्रश्नाला उत्तर म्हणून तुमच्याकडे आवक शिक्क्याची प्रत असली पाहिजे. अर्ज न वाचता वॉरंट निघालं तर मग धारवाडला जाऊ, तेव्हा केसमध्ये दम असेल. अपिलाची वाटही आहे, पण तिथं मागणीची रक्कम आधी भरा म्हणतात.

हे निस्तरलं की वारसा नोंद. आजोबांचा आणि वडिलांचा मृत्यू दाखला, वंशावळ, बहिणींच्या सह्या. बहिणी गडहिंग्लजला दिल्या आहेत, सणाला येतात तेव्हाच घेऊ, असं म्हणालात. पाच सण गेले. बाकी असताना ई-खाता, म्हणजे घराचा ऑनलाइन उतारा, मिळत नाही आणि ई-खात्याशिवाय घर विकता येत नाही, त्यावर कर्जही निघत नाही, हे बहिणींना सांगितलंत तर त्या सणाआधीच येतील.

वहिनींनी सही केलेली पोच कुणाच्याही हातात देऊ नका, ‘झेरॉक्स काढून आणतो’ म्हटलं तरी. आणि गेल्या वर्षी ‘आत सांगून प्रकरण मिटवतो’ म्हणणाऱ्याला पावतीशिवाय दिलेले ५,००० रुपये अर्जात भरणा म्हणून दाखवू नका. पावती नाही, तर ते भरलेले नाहीत. त्याला एकदा भेटून पावती मागा. दिलीच, तर मला जरूर कळवा.