खर्जातला बेस : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : आमच्या ऑर्केस्ट्रातल्या गायकाची पट्टी काळी एक (सी शार्प) आहे. खर्जातला सा मिळावा म्हणून चार तारी बेस गिटारची ई तार बी पर्यंत उतरवली, तर ती फ्रेटवर (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) आपटून खडखडते. पाच तारी बेसच घ्यावा का?
– एक वादक, सातपूर

उत्तर : नवा बेस घ्यायची गरज नाही, तारा मात्र बदलाव्या लागतील. तीच तार खाली उतरवली की ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. ई 41.2 हर्ट्झची, बी 30.87 ची. कंपनसंख्या पाऊणपट झाली, पण ताण जेमतेम 56 टक्के उरला. इतकी ढिली तार खडखडणारच. ब्रिज (खालच्या टोकाला तारा टेकतात तो भाग) कितीही उचलला तरी ती चांगली वाजणार नाही.

पाच तारी संच आणा आणि त्यातल्या जाड चार तारा (जाडी साधारण 130, 105, 85, 65, म्हणजे इंचाचे हजारावे भाग) बी-ई-ए-डी अशा लावा. जी तार जाते, पण साथीच्या वाजवण्यात तिची उणीव फारशी भासत नाही. काळी एकचा खालचा सा बी तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर मिळेल.

खरं काम नटपाशी, म्हणजे दांडीच्या वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपाशी आहे. 105 साठी कापलेल्या खाचेत 130 ची तार बसत नाही. ती वर तरंगते आणि पहिल्या दोन-तीन फ्रेटवर सूर चढा लागतो. खाच नट फाइलनं रुंद करा, खोल करू नका. जास्त खोल गेली तर मोकळी तार खडखडेल आणि नटच बदलावा लागेल. जाड तार कापण्याआधी काटकोनात वाकवा, नाहीतर वरचा वेढा सैल होऊन आवाज मरतो.

मग पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यातली फट बघा. 0.3 ते 0.4 मिमी पुरे. ती कमी-जास्त करायला ट्रस रॉड (दांडीच्या आतली, तिचा बाक ठरवणारी सळई) एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नका. शेवटी बाराव्या फ्रेटचा सूर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून निघणारा सूर) ताडून पाहा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) मागे घ्या. नाशिकचा कोरडा उन्हाळा सरून पावसाळा लागला की लाकूड ओल धरतं, तेव्हा ही फट पुन्हा तपासा.

प्रश्न : पाच तारी बेस 34 इंची (नट ते ब्रिज तारेची लांबी) घ्यावा की 35?
– एक विद्यार्थिनी, इंदिरानगर

उत्तर : एका इंचानं ताण जेमतेम सहा टक्के वाढतो, पण खालच्या फ्रेटवर बोटं जास्त ताणावी लागतात. आमचं मत 34 ला. दुकानात बी तारेच्या पाचव्या फ्रेटचा ई आणि मोकळी ई तार आलटून पालटून वाजवा. पहिला सूर बोदा वाटला तर तो बेस सोडून द्या.

प्रश्न : बी तार घरी स्वच्छ वाजते, गंगापूर रोडच्या लॉन्सवर मात्र नुसता घुमारा. काय करावं?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : बहुतेक स्पीकर 31 हर्ट्झ नीट देतच नाहीत, कान 62 आणि 93 च्या आंशिक स्वरांवरून खर्ज ओळखतो. म्हणून बास वाढवू नका. 30-35 हर्ट्झला हाय-पास (त्याखालचा आवाज कापणारा फिल्टर) लावा, 200-250 थोडं कमी करा, 800 च्या आसपास किंचित वाढवा आणि ब्रिजच्या जवळ छेडा. वरच्या तारा वाजवताना उजवा अंगठा बी तारेवर टेकवून ठेवा, कारण ती आपोआप कंप पावते आणि अर्धा घुमारा तिचाच असतो. ट्यूनरला बी कळत नसेल तर बाराव्या फ्रेटच्या हार्मोनिकवर लावा.