२४ एचपीला किती फुटी रोटाव्हेटर?

प्रश्न : माझ्याकडे २४ एचपीचा, फोर व्हील ड्राइव्ह मिनी ट्रॅक्टर आहे. ३ एकर संत्रा, २ एकर कपाशी आणि तूर. जमीन काळी, भारी. दुकानदार म्हणतो ५ फुटी रोटाव्हेटर घ्या, उद्या मोठा ट्रॅक्टर घेतला तरी कामी येईल. मोठा भाऊ म्हणतो ३ फुटी पुरे. काय घ्यावं?
– एक वाचक, ता. मोर्शी, जि. अमरावती

उत्तर : भाऊ, ४ फुटी घ्या, म्हणजे माती भुसभुशीत करणाऱ्या पात्यांची रुंदी ४ फूट असलेला. पण पैसे मोजायच्या आधी टेप घेऊन ट्रॅक्टरच्या मागं उभे राहा आणि मागच्या दोन्ही टायरच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजा. ते ४८ इंचांच्या आत असेल तर ४ फुटी रोटाव्हेटर दोन्ही चाकोऱ्या पुसत जाईल. ३ फुटीमध्ये तसं होत नाही. टायरनं दाबलेला पट्टा दोन्ही बाजूंना तसाच राहतो, आणि आपल्या काळ्या मातीत तो वाळला की त्याची फरशी होते. पुढच्या पेरणीत तिथंच बी वर पडतं. म्हणून भावाचा सल्ला मला पटत नाही.

दुकानदाराचा तर मुळीच नाही. आर्वीला अवजारं दुरुस्त करण्यात माझी २६ वर्षं गेली. माझ्या स्वतःच्या पहिल्या मिनी ट्रॅक्टरला मी असाच कोणाच्या सांगण्यावरून ५ फुटी लावला होता. मे महिन्यात बरड वावरात तो छान चालला, म्हणून मी खूश होतो. पहिला पाऊस झाला, वाफसा आला आणि काळ्या वावरात घातला, तर चार तासांतच इंजिन दबायला लागलं. गिअर उतरवला, खोली कमी केली, तरी धूर थांबेना. त्या हंगामात क्लच प्लेट जळाली आणि पेरणीच्या ऐन आठवड्यात ट्रॅक्टर सहा दिवस उभा राहिला. ते सहा दिवस मला अजून सलतात. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून एवढं लिहितो आहे.

हिशेब असा आहे. बॉनेटवर लिहिलेले २४ एचपी इंजिनाचे. पीटीओपर्यंत, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागं अवजार फिरवणाऱ्या दांड्यापर्यंत, त्यातले साधारण २० पोचतात. भारी काळ्या मातीत, ४-५ इंच खोलीला, मी फुटामागं पीटीओचे ५ एचपी धरतो. म्हणजे ४ फूट. हलकी, मुरमाड जमीन असती तर फुटामागं ४ धरून ५ फुटी ओढलाही असता, पण तुमची जमीन ती नाही. आणि ट्रॅक्टरची ताकद नेहमी वर्षातल्या सगळ्यात जड दिवसासाठी मोजावी.

मोठ्या मापानं काम लवकर होतं हाही समजच आहे. १ एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. ४ फुटीला त्यासाठी जवळपास ३.३ किलोमीटर चालावं लागतं, ५ फुटीला २.६५. चार फुटी घेऊन तुम्ही ताशी अडीच किलोमीटरनं गेलात तर १ तास २० मिनिटं. पाच फुटीच्या ओझ्यानं वेग दीडवर आला तर पावणेदोन तास. शिवाय इंजिनाचे फेरे पडले की पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांच्या खाली जातो, पाती सावकाश फिरतात आणि माती भुसभुशीत न होता ढेकळं निघतात.

तुमच्या संत्र्याबद्दल मात्र मापापेक्षा खोलीची काळजी मला जास्त आहे. संत्र्याची अन्न घेणारी बारीक मुळं वरच्या फूटभर मातीतच असतात. झाडाच्या घेराखाली रोटाव्हेटर घालू नका, दोन ओळींच्या मधल्या पट्ट्यातही ३ इंचांपेक्षा खोल जाऊ नका. तुटलेल्या मुळाच्या जखमेतून फायटोफ्थोरा बुरशी शिरते, मग मूळकूज आणि डिंक्या. ६ मीटरवर लावलेल्या बागेत ४ फुटी सहज फिरतो, त्यामुळे रुंदीची अडचण नाही. झाडाजवळचं तण हातानंच काढा.

कपाशीच्या वावरात उभी पऱ्हाटी या मशीननं मुरवायला जाऊ नका. झिलप्या रोटरला गुंडाळतात, बेअरिंगचं सील जातं. आधी पऱ्हाटी उपटा किंवा श्रेडरनं बारीक करून घ्या. गुलाबी बोंडअळीसाठीही ती वावरात उभी ठेवणं वाईटच. आणि दरवर्षी नुसत्या रोटाव्हेटरवर भागवू नका. चार-पाच इंचांखाली कडक थर बसतो, पाणी मुरत नाही. दोन-तीन वर्षांतून एकदा भाड्यानं मोठा ट्रॅक्टर बोलावून नांगरट करा.

खरेदीला जाताना लिफ्ट किती वजन उचलते ते ट्रॅक्टरच्या पुस्तकात बघा आणि रोटाव्हेटरचं वजन विचारा. लिफ्टनं उचललं म्हणजे झालं असं नाही, धुऱ्यावर वळताना पुढची चाकं हलकी पडतात. गरज लागली तर पुढं वजनं लावा. अनुदानासाठी महाडीबीटीवर (सरकारच्या अनुदानाच्या संकेतस्थळावर) अर्ज करणार असाल तर पूर्वसंमती हातात येईपर्यंत खरेदी करू नका, नाहीतर अनुदान मिळत नाही.

प्रश्न : नवीन रोटाव्हेटर आहे, तरी पीटीओ शाफ्टचा क्रॉस (टोकाचा फिरता सांधा) एका हंगामात दोनदा तुटला. माल खराब निघाला का?
– एक वाचक, ता. देवळी, जि. वर्धा

उत्तर : माल बदलण्याआधी शाफ्टची लांबी बघा. मिनी ट्रॅक्टरला शाफ्ट बहुतेक वेळा लांब पडतो. रोटाव्हेटर जोडून लिफ्ट सावकाश वर-खाली करा, पीटीओ बंद ठेवून. शाफ्टचे दोन्ही भाग कुठंही एकमेकांवर टेकले तर तो थोडा कापून घ्यावा लागेल, नाहीतर सगळा दणका क्रॉसवर जातो. दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारी बेचकी) एका रेषेत आहेत का तेही बघा. पुन्हा जोडताना एक दाता चुकला तरी शाफ्ट धडधडतो. आणि वळताना पीटीओ चालू ठेवून रोटाव्हेटर पूर्ण उचलण्याची सवय असेल तर ती आजच सोडा. वळणावर आधी पीटीओ बंद, मग लिफ्ट.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत शाफ्टवर प्लास्टिकचं कव्हर दिसत नाही. ते आधी बसवा. कव्हर नसलेला शाफ्ट मी दुरुस्तीलाही घेत नाही. धोतराचं किंवा साडीचं टोक त्यात गेलं तर माणूस सुटत नाही.