पत्र्याआडचा सांगाडा

प्रश्न : इंग्लंडमधल्या शीअरनेस गोदीतल्या ‘बोट स्टोअर’चा फोटो पाहिला. दिसायला साधी पत्र्याची शेड. तिला तिथला सर्वोच्च, ग्रेड वन वारसा दर्जा कशासाठी?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : पत्रा सोडा, आतला सांगाडा बघा. माझं आयुष्य भोसरी-चाकणच्या कारखान्यांच्या शेड डिझाइन करण्यात गेलं, तेव्हा या इमारतीबद्दल मी पक्षपाती असणारच.

केंटमध्ये, मेडवे नदीच्या मुखाशी ही आरमारी गोदी होती. 1858 ते 1860 या काळात कर्नल गॉडफ्री ग्रीन यांनी जहाजांवरच्या छोट्या बोटी ठेवायला तिथे हे चार मजली कोठार उभारलं. लांबी 210 फूट, रुंदी 135. रुंदीचे तीन पट्टे. मधला जमिनीपासून छपरापर्यंत मोकळा, दोन्ही बाजूंना मजले. मधल्या पट्ट्यातून क्रेनने बोट उचलायची आणि हव्या त्या मजल्यावर आडवी आत घ्यायची.

खरी गंमत इथे आहे. बोट आत जायची तर कॉलमांच्या मधे भिंत चालत नाही, तिरकं ब्रेसिंग, म्हणजे चौकट डुलू न देणारे तिरपे आधार, तेही चालत नाहीत. मग वाऱ्याचा जोर घेणार कोण? त्या काळच्या लोखंडी खांबांच्या गिरण्यांत तो बाहेरच्या जाड भिंती घ्यायच्या. ग्रीन यांनी तो कॉलम आणि बीमच्या जोडांवर टाकला. ओतीव लोखंडाचे एच आकाराचे कॉलम आणि त्यांना घट्ट जखडलेले, घडीव लोखंडाच्या पट्ट्या रिव्हेटून केलेले बीम. कोपरा पक्का, म्हणून चौकट पक्की. बाहेरच्या खिडक्यांच्या रांगा आणि पन्हळी पत्रा नुसतं पांघरूण. इमारतीचा भार त्यांच्यावर नाही. उंच इमारतींची स्टीलची फ्रेम पुढे याच तत्त्वावर उभी राहिली. माझ्या ड्रॉइंगांतही हेच असायचं, फक्त पोलादात आणि वेल्डिंगने.

जवळपास शंभर वर्षं हे कोणाच्या फारसं ध्यानात नव्हतं. 1950 च्या दशकात छायाचित्रकार एरिक द मारे यांनी ती इमारत कॅमेऱ्यात टिपली, मग अभियंते ए. डब्ल्यू. स्केम्प्टन यांनी तिचा सविस्तर अभ्यास केला. सिव्हिल इंजिनिअरिंगवाल्यांना मातीच्या, म्हणजे सॉइल मेकॅनिक्सच्या, पेपरात छळणारे स्केम्प्टन ते हेच!

आपल्याकडे 1860 च्या दशकातला लोखंडी सांगाडा बघायचा तर काळा घोड्याचं वॉटसन्स हॉटेल, म्हणजे एस्प्लनेड मॅन्शन. त्याचे भाग इंग्लंडमध्ये बनवून बोटीने मुंबईत आणले होते. मात्र तिथे चौकटींत विटांचं काम आहे, त्यामुळे शीअरनेसइतका उघडा हिशेब दिसत नाही. रस्त्यावरूनच बघा, कॉलम तिथूनही नीट दिसतात.